बाळ सांभाळणाऱ्या बाईचा पगार आणि देशाचा व्याजदर

(घरकामगार बायकांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. छापताना थोडी काटछाट केली आहे, बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



कालपासून आपण पगार, भरपगारी सुट्टी, बोनस, नोंदणी यांवरच बोलतो आहोत. त्यात आज मी एकदम अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतल्या एका बाईविषयी बोलणार, हे फळ्यावर वाचून दोघीतिघींनी मघाशी चहाच्या वेळी मला गाठलं. म्हणाल्या, "हे आपल्या कशात बसतं?" प्रश्न रास्त आहे. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा अर्थशास्त्राचा एक पेपर होता. तो मी गाईड वाचून सोडवला आणि विसरले. वर्तमानपत्रात 'व्याजदरात पाव टक्का वाढ' असा मथळा दिसला की मी पान उलटायची. ते आपलं नाही, कोटवाल्या पुरुषांचं आहे, असं मनात पक्कं होतं.

मग जॅनेट येलेन यांच्याविषयी वाचताना एक छोटीशी गोष्ट भेटली आणि मी तिथंच अडकले. गोष्ट अशी की १९८१ साली त्यांना मुलगा झाला. नवराबायको दोघंही कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे. बाळाला सांभाळायला बाई हवी होती. बाजारात चालू असलेला दर त्यांना ठाऊक होता, पण त्यांनी ठरवलं की आपण त्याहून जास्त द्यायचा. का? तर बाई समाधानी असेल तर ती बाळाला नीट सांभाळेल. आणि मग त्या दोघांनी स्वतःलाच विचारलं, की आपण हे असं का करतो आहोत? पुस्तकातल्या अर्थशास्त्रात तर असं कुणी करत नाही!

आज मी या येलेनबाईंच्या कामाची गोष्ट सांगणार आहे. कौतुक करायला नव्हे. म्हणजे कौतुकही येईल, ते अडवणार नाही. पण मुख्य गोष्ट ही, की मजुरीचा अभ्यास केलेली एक बाई पैशाच्या कारखान्यात जाऊन बसली तेव्हा काय बदललं आणि काय नाही.

त्या १९४६ च्या. न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिन भागात वाढल्या. वडील डॉक्टर. दवाखाना राहत्या घरातच, खालच्या मजल्यावर. येणारे पेशंट बरेचसे कामगार. कुणाची नोकरी गेली की घरात काय होतं, माणूस कसा खचतो, हे वडील जेवणाच्या टेबलावर सांगायचे. आपल्याला बेकारीचा विषय तिथून लागला, असं येलेनबाई पुढे सांगत आल्या. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, तिने मुलांसाठी नोकरी सोडली. ही गोष्ट त्यांच्या बहुतेक चरित्रांत अर्ध्या ओळीत येते. वडिलांच्या पेशंटांना परिच्छेद आणि आईच्या सुटलेल्या नोकरीला अर्धी ओळ! असो, आपल्याला याची सवय आहे.

मुलगी हुशार. शाळेच्या वर्तमानपत्राची संपादक. तिथे प्रथा अशी की संपादकाने शाळेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याची मुलाखत घ्यायची. १९६३ साली पहिली हीच आली. मग काय, स्वतःच स्वतःची मुलाखत घेतली. मला ही मुलगी आवडली.

पुढे ब्राऊन विद्यापीठ, मग येलला पीएच.डी., १९७१ साली. त्या वर्षी तिथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या साधारण दोन डझन जणांत ही एकटी बाई. जेम्स टोबिन हे त्यांचे गुरू. बेकारी म्हणजे आकडेमोडीतली चूक नव्हे, माणसाचं नुकसान आहे, असं मानणाऱ्या पिढीतले. टोबिनच्या वर्गातल्या येलेनबाईंच्या टिपणवह्या इतक्या नीटस होत्या की पुढची कित्येक वर्षं विद्यार्थी त्यांच्या प्रती काढून अभ्यास करत होते. वर्गातल्या मुलीच्या वह्या सगळ्यांनी वापरायच्या, हे तिकडेही असंच दिसतं.

नंतर हार्वर्डमध्ये पाच वर्षं शिकवलं. तिथे कायम केलं नाही. १९७७ साली त्या वॉशिंग्टनला फेडरल रिझर्व्हमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेत, अर्थतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागल्या. तिथल्या कँटीनमध्ये जॉर्ज अकरलॉफ भेटले, पुढच्या वर्षी लग्न झालं. दोन वर्षं लंडन, आणि १९८० पासून बर्कली. म्हणजे आपण मघाच्या बाळापाशी पोचलो.

आता ती पगाराची गोष्ट. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

पुस्तकी अर्थशास्त्र म्हणतं की मजुरी ही किंमत आहे, कांद्याच्या भावासारखी. कांदा बाजारात जास्त आला की भाव पडतो. काम मागणारे जास्त झाले की मजुरी पडली पाहिजे. पडता पडता एका ठिकाणी सगळ्यांना काम मिळेल. तरीही कुणी बेकार राहिलं तर त्याचाच हट्ट नडला, त्याला कमी पैशात काम नको आहे. हे आपण मालकिणींच्या तोंडून वेगळ्या शब्दांत रोज ऐकतो: "यांना काम करायचंच नाहीये."

येलेनबाई आणि त्यांच्यासारखं काम करणारे अभ्यासक म्हणाले, माणूस कांदा नव्हे. कांद्याला कमी भाव दिला तर तो कमी तिखट होत नाही. माणसाला आपल्यावर अन्याय होतो आहे असं वाटलं की त्याचा हात आखडतो. दाम तसं काम. म्हणून बरेच मालक, स्वतःच्या फायद्यासाठीच बरं का, चालू दरापेक्षा जास्त देतात. माणूस टिकतो, मन लावून काम करतो, नव्याला पुन्हा शिकवत बसावं लागत नाही. पण मग याचा दुसरा परिणाम होतो. बाहेर बेकारांची रांग उभी असली तरी आतली मजुरी खाली येत नाही, आणि रांग तशीच राहते. रांगेतल्या माणसाची त्यात काही चूक नसते. तो कमी पैशातही यायला तयार असतो, त्याला घेतच नाहीत. १९८४ साली येलेनबाईंनी या विचाराचा आढावा घेणारा एक लेख लिहिला. अगदी छोटा लेख, पण अर्थशास्त्राचे विद्यार्थी तो अजून वाचतात. १९९० साली नवराबायकोंनी मिळून न्याय्य मजुरीवर आणखी एक लिहिला.

त्या १९८४ च्या लेखातल्या दोन गोष्टी आपल्या आहेत. एक म्हणजे दोन बाजार. जिथे कामगाराच्या मर्जीवर कामाचा दर्जा अवलंबून असतो तिथे पगार बरे, नोकऱ्या टिकाऊ. जिथे मालकाला वाटतं की कुणीही आलं तरी चालेल, तिथे पगार तळाला. एक गेली की दुसरी. धुणीभांडी या दुसऱ्या बाजारात टाकलेली आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट भेदभावाची. दारात रांग असली की मालकाला भेदभाव फुकट पडतो. 'मला अमक्या जातीची नको, तमक्या धर्माची नको, लहान मूल असलेली नको' असं म्हणून त्याचं काहीच नुकसान होत नाही, रांगेतली पुढची येते. रांग नसती तर असल्या आवडीनिवडींची किंमत त्याला मोजावी लागली असती. भेदभाव हा मनाचा रोग आहे असं आपण शिबिरांत सांगतो. तो आहेच. पण बेकारी त्याला रोज फुकट खाऊ घालते, हे मला या लेखाने दाखवलं.

आता एक कबुली देते. माझी मुलगी चार वर्षांची आहे. मी दिवसभर वस्तीत किंवा कार्यालयात असते तेव्हा एक मावशी तिला सांभाळतात. मी त्यांना किती द्यायचं हे कसं ठरवलं? शेजारी चार घरी विचारलं, "तुम्ही काय देता?" आणि तेवढेच दिले. ज्या आठवड्यात मी मोर्चात 'कामाचं मोल द्या' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले, त्याच आठवड्यात मावशींनी चार दिवस दांडी मारली म्हणून मी त्यांच्यावर चिडले. त्यांच्या सुनेचं बाळंतपण होतं. येलेनबाईंनी जास्त पगार दिला तो काही क्रांती म्हणून नाही, स्वतःच्या बाळाच्या काळजीपोटी दिला. मला तेवढंही सुचलं नव्हतं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी कामाला कुणी येतं त्या जरा खाली बघताहेत. मीही बघते आहे.

आता बँकेकडे येऊ.

मध्यवर्ती बँक काय करते हे बचत गटावरून सांगते. आपल्या गटात शेकडा दोन रुपये महिना व्याज आहे असं धरा. उद्या बैठकीत ठरलं की तीन रुपये करायचं. पहिली माघार कोण घेईल? जिला शिलाई मशीन घ्यायचं होतं पण हातात जेमतेम उरतं, ती. जिच्या घरी दोन पगार येतात ती तरीही कर्ज काढेल. मध्यवर्ती बँक हेच सगळ्या देशाला करते. व्याज वाढलं की घरं बांधणारा थांबतो, कारखानदार नवी माणसं घेत नाही, कुणाला काढून टाकतो. कामं कमी झाली की मजुरी वाढत नाही, खरेदी मंदावते, भाव आटोक्यात येतात. महागाई उतरते, पण उतरताना ती कुणाच्या तरी पाठीवर पाय देऊन उतरते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत पॉल व्होल्कर यांनी व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास नेले. महागाई मोडली खरी, पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. घरं बांधणाऱ्या छोट्या ठेकेदारांनी निषेध म्हणून लाकडाचे तुकडे पोस्टाने बँकेकडे पाठवले होते. लाकूड पडून आहे, घ्या तुम्हीच!

महागाई गरिबालाच जास्त भाजते हेही तितकंच खरं. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. म्हणून 'व्याज कधीच वाढवू नका' असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. पण निर्णय घेणाऱ्या टेबलाभोवती बेकारीची बाजू मांडणारं कुणी हवं की नको? अमेरिकेच्या कायद्यात १९७७ साली ते लिहिलं गेलं: भाव स्थिर ठेवा आणि जास्तीत जास्त लोकांना रोजगार असेल असंही पाहा. ते आपोआप आलं नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी १९७४ पासून कामगार संघटनांना बरोबर घेऊन पूर्ण रोजगारासाठी मोहीम चालवली होती. १९७८ साली पूर्ण रोजगाराचा वेगळा कायदा झाला तेव्हा सहीच्या वेळी त्या हजर होत्या. कोरेटाबाईंना लोक 'विधवा' म्हणून ओळखतात. व्याजदराच्या लढाईतली कार्यकर्ती म्हणून फार कमी.

याच बँकेत १९९४ साली येलेनबाई संचालक मंडळावर परतल्या. अध्यक्ष होते अॅलन ग्रीनस्पॅन, ज्यांच्या एका वाक्यावर शेअर बाजार हलायचा. जुलै १९९६ च्या बैठकीत प्रश्न आला की महागाई किती खाली न्यायची. ग्रीनस्पॅन यांचा कल शून्याकडे. येलेनबाईंनी त्यांनाच विचारलं की स्थिर भाव म्हणजे तुम्हाला नेमकं काय अभिप्रेत आहे? आणि मग स्वतःची बाजू मांडली. ती बाळ सांभाळणाऱ्या बाईच्या पगारातूनच आलेली होती. पगाराचा आकडा कमी केलेला माणूस सहन करत नाही, त्याला तो अपमान वाटतो. थोडी महागाई असली तर डबघाईला आलेला मालक पगार न वाढवता तग धरू शकतो. महागाई शून्य केली तर तो पगार कापू शकणार नाही, माणसंच कापेल. म्हणून थोडी महागाई राहू द्यावी, ती वंगणासारखी असते. त्या बैठकीत मंडळी दोन टक्क्यांपाशी येऊन थांबली, पण ते बाहेर सांगायचं नाही असं ठरलं. जाहीर उद्दिष्ट म्हणून ते जानेवारी २०१२ मध्ये आलं. ते ज्या समितीने तयार केलं तिच्या प्रमुख येलेनबाईच होत्या. सोळा वर्षं! आपल्यातल्या ज्यांना एका अर्जाच्या तीन वर्षांच्या पाठपुराव्याने कंटाळा येतो त्यांनी हे लक्षात ठेवावं. मीही त्यांत आले.

मधली वर्षं पटकन सांगते. १९९७ ते १९९९ राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाच्या अध्यक्ष. तिथे असताना १९९८ साली स्त्री-पुरुषांच्या पगारातल्या तफावतीवर मंडळाचा अहवाल निघाला. २००४ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या शाखा-बँकेच्या प्रमुख. घरबांधणीचा फुगा फुटणार याची चिंता त्यांनी बोलून दाखवली होती, पण बँका कर्जांची गाठोडी करून विकतात त्यातला धोका मला दिसला नाही, अशी कबुलीही चौकशी आयोगापुढे २०१० साली दिली. त्याच वर्षी त्या वॉशिंग्टनला उपाध्यक्ष झाल्या.

२०१३ मध्ये अध्यक्षपद रिकामं होणार होतं. पात्रता, अनुभव, सगळं समोर होतं. तरीही चर्चा सुरू झाली की बाईंमध्ये 'वजन' आहे का? आवाज जरा मऊच आहे. एका वर्तमानपत्राने 'बायकी डॉलर' अशा मथळ्याचा अग्रलेख लिहिला. सेनेटमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या सुमारे एकतृतीयांश सदस्यांनी त्यांच्या बाजूने पत्र पाठवलं, अर्थतज्ज्ञांनी सह्यांची मोहीम काढली, तेव्हा कुठे नाव पुढे आलं. ६ जानेवारी २०१४ ला ५६ विरुद्ध २६ मतांनी नेमणूक मंजूर झाली. १९१३ साली स्थापन झालेल्या बँकेची पहिली स्त्री अध्यक्ष. शंभर वर्षांनी.

त्या काय घेऊन आल्या? माझ्या मते मोजण्याची नवी नजर. बेकारीचा एकच आकडा बघायचा आणि समाधान मानायचं, हे त्यांनी मान्य केलं नाही. मिळेल तेवढं अर्धवेळ काम करणारे किती? सहा महिन्यांहून जास्त काळ घरी बसलेले किती? २०१४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेकारांपैकी एकतृतीयांशाहून जास्त असे होते. काम शोधणंच सोडलेले किती? आणि एक आकडा, जो वाचून मी टाळी वाजवली. आपण होऊन नोकरी सोडणारे किती?

जरा विचार करा. नोकरी सोडणाऱ्यांची संख्या वाढली तर त्या बाई ती चांगली बातमी मानायच्या! कारण माणूस नोकरी कधी सोडतो? बाहेर दुसरं काम मिळेल असा भरवसा असतो तेव्हा. आपल्या बायका "उद्यापासून येणार नाही" हे कधी म्हणू शकतात? चार गल्ल्यांत नवीन इमारती उभ्या राहिल्या, घरं भरली, की म्हणतात. जिथे कामं कमी, तिथे मालकीण चोरीचा आळ घेते, मालक अंगचटीला येतो, तरी बाई पुन्हा पुन्हा तेच दार वाजवते. मी समुपदेशन करताना विचारत आले, "मग तुम्ही सोडलं का नाहीत?" हा प्रश्न विचारायचा मी आता बंद केला आहे. सोडण्याची ताकद तिच्या स्वभावात नसते, बाजारात असते. तो बाजार तंग ठेवायचा की ढिला, यावर त्या व्याजदराच्या टेबलाचा मोठा हात असतो.

अध्यक्ष झाल्यावर दोनच महिन्यांत, ३१ मार्च २०१४ ला, शिकागोत त्यांनी भाषण केलं. तीन बेकार माणसांच्या हकिकती त्यांनी नावानिशी सांगितल्या. मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांनी असं बोलणं हेच नवल. पण एकदोन दिवसांत वर्तमानपत्रांनी शोधून काढलं की त्यांतल्या दोघांच्या नावावर जुने गुन्हे आहेत. टीका झाली. मी केस-रेकॉर्ड लिहिणारी बाई, मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, आपण 'चांगली' केस निवडतो, डाग नसलेली, म्हणजे देणगीदाराला पटेल. डाग असलेल्याला बेकारीचा चटका बसत नाही का? उलट जास्त बसतो, त्याला रांगेतही शेवटी उभं करतात. आणि दुसरी, ज्यांची नावं व्यासपीठावरून घेतली त्यांचं नंतर काय झालं असेल? गाव त्यांच्याकडे कसं बघत असेल? भाषण देणाऱ्याचं एका आठवड्यात निभावतं. म्हणून आपल्या अहवालांत नाव न घालण्याचा नियम मी सोडणार नाही, हेतू कितीही चांगला असो.

त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला कमी पगाराच्या कामगारांच्या संघटना आणि वस्तीत काम करणारे कार्यकर्ते बँकेत त्यांना भेटायला गेले. अंगात हिरवे टीशर्ट, त्यावर लिहिलेलं, की कसली आलीय सुधारणा? मागणी साधी होती. आमच्या भागात अजून कामं नाहीत, मजुरी वाढलेली नाही, व्याज वाढवू नका. येलेनबाईंनी ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, व्याज वाढवलं. पाव टक्का. जवळजवळ दहा वर्षांतली पहिली वाढ. एकूण बेकारी तेव्हा पाच टक्क्यांवर आली होती, पण काळ्या लोकांमधली गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होती, आणि महागाई त्यांच्याच दोन टक्क्यांच्या रेषेखाली होती.

त्यांच्या बाजूने बोलायचं तर पाव टक्का फार नव्हे, आणि पुढची वाढ त्यांनी वर्षभर थांबवली. दर इतके खाली किती दिवस ठेवायचे, अशी दुसऱ्या बाजूची ओरडही रोजचीच होती. पण मला वाटतं ते हिरवे टीशर्टवाले बरोबर होते. ज्या बाईला रांगेचा अर्थ सगळ्यांत चांगला कळत होता तिने रांग संपण्याआधी हात थोडा आवळला. खुर्चीत आपल्या विचाराचं माणूस बसलं म्हणून बाहेरचा मोर्चा सोडायचा नसतो. तसं तो त्यांनी सोडलाही नाही, दर वर्षी जात राहिले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी काम हाती घेतलं तेव्हा बेकारी ६.७ टक्के होती. २०१८ च्या सुरुवातीला सोडलं तेव्हा ४.१. तरी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना दुसरी मुदत दिली नाही. त्यांच्या आधीचे व्होल्कर, ग्रीनस्पॅन, बर्नान्की या तिघांनाही विरुद्ध पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा नेमलं होतं. पुढे बातमी आली की बाईंची उंची कमी आहे, हाही मुद्दा निघाला होता. यावर मी काही बोलत नाही, माझी उंची तुम्हाला दिसतेच आहे.

२०२१ ते २०२५ त्या अर्थमंत्री होत्या. तिथेही पहिली स्त्री. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नोटांवर पहिल्यांदाच दोन्ही सह्या बायकांच्या आल्या, एक त्यांची आणि एक कोषाध्यक्षांची. त्याच काळात त्यांचा मोठा अंदाज चुकला. २०२१ साली वाढू लागलेली महागाई थोड्या दिवसांची आहे असं त्या म्हणाल्या, आणि जून २०२२ मध्ये ती ९.१ टक्क्यांवर गेली. 'माझं चुकलं' हे त्यांनी टीव्हीवर सांगितलं. कामगाराच्या बाजूने झुकलेल्या माणसाचं महागाईबाबत चुकलं की सगळ्या विचारालाच नावं ठेवतात. व्होल्करच्या काळात लाखो लोक बेकार झाले त्याला मात्र 'धैर्य' म्हणतात.

आपल्याकडचं थोडक्यात सांगते, कारण जेवणाची वेळ झाली आहे आणि आत भाकऱ्या थापणाऱ्या बायका खोळंबल्या आहेत. आपली रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली. गव्हर्नरच्या खुर्चीत अजून बाई बसलेली नाही. पहिल्या स्त्री डेप्युटी गव्हर्नर के. जे. उदेशी, २००३ साली. त्यानंतर उषा थोरात आणि आणखी काही जणी. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून महागाईसाठी आकडा ठरवून देतात. चार टक्के, दोन इकडे दोन तिकडे. विकासही ध्यानात ठेवा असं त्यात लिहिलं आहे. रोजगार हा शब्द त्यात नाही. आपल्यापैकी कुणी त्याबद्दल एक पोस्टकार्डसुद्धा टाकलं नव्हतं, कारण आपण सगळ्याच ते पान उलटत होतो.

मावशींचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात मी त्यांना म्हटलं, मावशी, पुढच्या महिन्यापासून पगार वाढवते, आणि महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी. मला वाटलं त्या खूश होतील. त्यांनी मुलीच्या वेणीला रिबीन बांधणं पूर्ण केलं, मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही मोर्चात बोलता तेव्हा तर मागची थकबाकी पण मागता." आता त्या थकबाकीवर आमची बोलणी चालू आहेत.